चार आठांचे आठ: ट्यूब ॲम्पच्या स्पीकरांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांचा सूर एकच आहे: गिटारचा ट्यूब ॲम्प (ॲम्प्लिफायर) तयार आहे, आता स्पीकर कोणता घ्यायचा, किती घ्यायचे आणि जोडायचे कसे? सर्किटच्या एकेका रेझिस्टरवर खल करायचा आणि शेवटी हाताशी येईल तो स्पीकर लावून मोकळं व्हायचं, असं बऱ्याचदा होतं. गिटारच्या ॲम्पमध्ये स्पीकर म्हणजे निम्मा आवाज. शिवाय तो चुकीचा जोडला, तर ट्यूब आणि स्पीकरच्या मधला आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो. म्हणून हे पूर्ण सदर स्पीकरांनाच दिलं आहे.

प्रश्न: मी ५-ई-३ सर्किटचा किट ॲम्प जोडला आहे. दोन ६व्ही६ ट्यूब आहेत, आउटपुट ट्रान्सफॉर्मरला ८ ओहमची एकच जोडणी आहे. फ्लॅटमध्ये वाजवतो, भिंती पातळ आहेत. १२ इंची एक स्पीकर घ्यावा की १० इंची दोन? सोसायटीत तक्रार होणार नाही असं काही करता येईल का?
*– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे*

१२ इंची एकच घ्या. फेंडरच्या १९५० च्या दशकातल्या ट्वीड डिलक्समध्ये हेच सर्किट होतं आणि त्यासोबत ८ ओहमचा एकच १२ इंची जेन्सन पी१२आर यायचा. १० इंची दोन लावण्यात अडचण ओहमची, म्हणजे स्पीकरच्या विद्युत रोधाची, आहे. बाजारात सहज मिळणारे १० इंची गिटार स्पीकर बहुतेक ८ ओहमचे असतात. असे दोन पॅरललमध्ये (समांतर) जोडले की ४ ओहम होतात, सिरीजमध्ये (एकामागोमाग) जोडले की १६. तुमच्या ट्रान्सफॉर्मरला यातलं काहीच जुळत नाही. ८ ओहम मिळवायला १६ चे दोन पॅरललमध्ये किंवा ४ चे दोन सिरीजमध्ये लागतील. ते शोधत बसण्यापेक्षा एक चांगला १२ इंची बरा.

आता वॅट. या ॲम्पची स्वच्छ ताकद १२ ते १५ वॅट असते. पण व्हॉल्यूम पूर्ण उघडून ट्यूब चेपल्या की सिग्नलचा आकार चौकोनी होत जातो आणि स्पीकरला २० वॅटच्या वर पोहोचू शकतात. म्हणून २५ ते ५० वॅटचा स्पीकर घ्या. सेलेस्टियनचा ब्लू १५ वॅटचा आहे. त्याचा आवाज या ॲम्पवर अप्रतिम लागतो, पण व्हॉल्यूम कायम शेवटापर्यंत नेणार असाल तर तो घेऊ नका. त्याच्या किमतीत दोन चांगले स्पीकर येतात आणि आतली तारेची कॉइल जळाली तर ते सगळे पैसे पाण्यात.

फ्लॅटसाठी वॅटपेक्षा महत्त्वाचा आकडा सेन्सिटिव्हिटीचा. १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, तो हा आकडा. ब्लूचा १०० आहे. ९४ डेसिबलचा स्पीकर घेतलात तर फरक ६ डेसिबलचा, म्हणजे ॲम्पची ताकद चौथाईवर आणल्यासारखा. तरीही फार आशा ठेवू नका. ९७ डेसिबलच्या स्पीकरला वॅटचा दहावा भाग दिला, तरी समोर ८७ डेसिबल येतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. तेव्हा स्पीकर बदलून थोडी सुटका होते, पूर्ण नाही.

पूर्ण सुटकेसाठी ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये ॲटेन्युएटर, म्हणजे ॲम्पची जादा ताकद स्वतःत जिरवणारी पेटी, लावा. तो ८ ओहमचाच हवा आणि निदान ३० वॅट झेलणारा हवा. कुठल्याही हायफाय दुकानात मिळणारा छोटा एल-पॅड (स्पीकरचा आवाज कमी करायचा नॉब) इथे लावू नका. तो तापून आतून तुटला, तर ॲम्प बिनलोडचा, म्हणजे स्पीकर न लावल्यासारखा, चालू राहतो. त्याचा परिणाम काय होतो, ते पुढे वाशीच्या वाचकाच्या उत्तरात आहे. कॅबिनेट भिंतीला चिकटवून किंवा थेट लादीवर ठेवू नका. खुर्चीवर किंवा जाड रबरावर ठेवलं की खालच्या घरात जाणारा धबधब बराच कमी होतो.

प्रश्न: माझ्याकडे चार १० इंची स्पीकरांचं जुनं कॅबिनेट आलं आहे. प्रत्येक स्पीकरवर ८ ओहम लिहिलंय. ॲम्प जेटीएम४५ धर्तीचा, ३० वॅटचा, मागे ४, ८ आणि १६ ओहमचा सिलेक्टर. चारही पॅरलल आहेत असं विकणारा म्हणाला. असंच ठेवू का?
*– एक वाचक, नेरूळ*

नाही, असंच ठेवू नका. पण विकणारा खोटं बोललेला नाही. फेंडरच्या बासमन ५एफ६-ए मध्ये ८ ओहमचे चार स्पीकर पॅरललच होते, म्हणजे एकूण २ ओहम, आणि त्याचा ट्रान्सफॉर्मरही २ ओहमचाच होता. मार्शलने १९६२ साली लंडनमध्ये जेटीएम४५ काढला तो याच बासमनचं सर्किट समोर ठेवून, पण त्याचे ट्रान्सफॉर्मर वेगळे होते. तुमच्या सिलेक्टरवर २ ओहम नाहीच. ४ वर लावलात तर ट्यूबना हव्या त्याच्या निम्मा लोड दिसेल, आवाज आखडेल आणि आउटपुट ट्यूब लवकर झिजतील.

स्पीकर तेच ठेवून जोडणी बदला. दोन-दोन स्पीकर सिरीजमध्ये जोडले की प्रत्येक जोडी १६ ओहमची होते. मग दोन्ही जोड्या पॅरललमध्ये घेतल्या की एकूण ८. चार आठांचे पुन्हा आठच.

स्पीकरांना क, ख, ग, घ अशी नावं द्या. जॅकच्या टोकाची तार क च्या प्लसला. क च्या मायनसपासून ख च्या प्लसला. ख च्या मायनसपासून जॅकच्या बाह्य कडीला. दुसरी जोडी अशीच: टोकापासून ग च्या प्लसला, ग च्या मायनसपासून घ च्या प्लसला, घ च्या मायनसपासून कडीला. तार साधी, दीड स्क्वेअर एमएमची, लाल-काळी दोन रंगांत घ्या, म्हणजे नंतर गोंधळ होत नाही. स्पीकरच्या पत्रीवर सोल्डर करताना सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, नाहीतर कोनकडे (स्पीकरच्या कागदी शंकूकडे) जाणारी विणलेली तारेची वेणी कडक होऊन पुढे तुटते.

दोन्ही जोड्यांचे मधले बिंदू एकमेकांना जोडावेत का, हा प्रश्न नेहमी येतो. एकूण ओहम दोन्ही प्रकारांत ८ च राहतात, पण बिघाड झाला की फरक दिसतो. मधले बिंदू सुटे असतील आणि एका स्पीकरची कॉइल तुटली, तर ती जोडी गप्प होते. उरलेली जोडी १६ ओहमची, तिच्यातल्या प्रत्येक स्पीकरवर निम्मी ताकद पडते. मधले बिंदू जोडलेले असतील, तर तुटलेल्या स्पीकरला पॅरलल असलेला साथीदार एकटा पडतो आणि एकूण १२ ओहमच्या लोडमधली दोन तृतीयांश ताकद त्याच्याच माथी येते. म्हणजे एक गेला की पाठोपाठ दुसरा जाण्याची शक्यता वाढते. आमचं मत सुट्या बिंदूंच्या बाजूने आहे.

जोडणी झाली की ॲम्प लावण्याआधी मल्टिमीटर लावा. मीटर डीसी रोध दाखवतो आणि तो नेहमी लिहिलेल्या ओहमपेक्षा कमी असतो. ८ चा स्पीकर साधारण ६ ते ७ दाखवेल, १६ चा १२ ते १३, ४ चा ३ ते साडेतीन. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा रोध पाहा आणि तो वजा करा. स्वस्त मीटरमध्ये तो अर्ध्या ओहमपर्यंतही असतो. नव्या जोडणीत जॅकवर साडेसहाच्या आसपास आकडा यायला हवा. १३ आला तर एक जोडी तुटलेली आहे. दीडच्या आसपास आला तर अजून सगळे पॅरललच आहेत.

शेवटी दिशा तपासा. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या, प्लस टोक जॅकच्या टोकाला आणि मायनस कडीला क्षणभर टेकवा. चारही कोन एकदम बाहेर यायला हवेत. एखादा आत गेला तर त्याच्या तारा उलट्या आहेत. अशा उलट्या स्पीकरने काही जळत नाही, पण खर्ज गायब होतो आणि आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा लागतो. जुन्या जेबीएल स्पीकरांत लाल टोकाला प्लस दिला की कोन आत जातो, तेव्हा रंगावर नव्हे, कोनच्या हालचालीवर विश्वास ठेवा.

३० वॅट चौघांत वाटले की प्रत्येकाला साडेसात येतात. त्यामुळे स्पीकर स्वतः फाटणार नाहीत, जो फाटका आवाज येईल तो ट्यूबचा असेल. या कॅबिनेटची खरी मजा त्यातच आहे: वार लगेच लागतो आणि आवाज समोर रुंद पसरतो.

प्रश्न: गणपतीत साउंड लावणाऱ्या मित्राकडे १२ इंची, ३०० वॅटचे, ८ ओहमचे स्पीकर पडून आहेत. ते गिटारच्या ट्यूब ॲम्पला चालतील का?
*– एक वाचक, कळवा*

ओहम जुळतात म्हणून ॲम्पला धोका नाही, पण आवाज आवडणार नाही. तो स्पीकर खर्जासाठी बनवलेला असतो. कोन जड, कॉइल मोठी, कडा लवचीक. गिटार स्पीकरचा कोन हलका आणि कडा कागदाचीच, वळ्या पाडलेली असते. २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात तो मुद्दाम उठून बोलतो आणि ५ किलोहर्ट्झनंतर झपाट्याने खाली येतो. त्या उतारामुळेच विकृत आवाजातली करकर झाकली जाते. साउंडवाल्याच्या वूफरमध्ये तो मधला उठाव नसतो, म्हणून गिटार मंद आणि चिखलात रुतल्यासारखी वाटते. १५ वॅटच्या ॲम्पने त्याचा कोन नीट हलतही नाही. चाचणीपुरता लोड म्हणून मात्र तो उत्तम.

प्रश्न: माझ्या हेडवर (स्पीकर नसलेल्या ॲम्पवर) फक्त ८ ओहमचा आउटपुट आहे, मित्राचं कॅबिनेट १६ ओहमचं. चालेल का? आणि घाईत गिटारचीच केबल वापरली तर?
*– एक वाचक, वाशी*

आधी केबलचं. गिटारची केबल स्पीकरला कधीही नाही. तिच्यातली मधली तार केसासारखी बारीक, भोवती जाळी. ती तापते, वितळून जाळीला टेकते किंवा तुटते. स्पीकरची केबल म्हणजे दोन जाड सुट्या तारा, दीड किंवा अडीच स्क्वेअर एमएमच्या, दोन्ही टोकांना पाव इंची जॅक. दोन्ही केबल बाहेरून सारख्याच दिसतात, म्हणून स्पीकरच्या केबलवर लाल टेप गुंडाळून ठेवा.

आता ओहम. आउटपुट ट्रान्सफॉर्मर ठरावीक पटीने लोड मोठा करून ट्यूबना दाखवतो. उदाहरणार्थ ५-ई-३ धर्तीच्या किटमध्ये ८ ओहमचा स्पीकर ट्यूबना साधारण ८००० ओहमचा दिसतो. तिथे १६ चा लावला की १६००० दिसतात, ४ चा लावला की ४०००. लोड जास्त असेल तर ट्यूबवर व्होल्टेजचे झटके वाढतात, लोड कमी असेल तर विद्युतप्रवाह वाढतो. स्पीकरचा ओहम तसा कुठे स्थिर असतो? ८ ओहमचा स्पीकर त्याच्या रेझोनन्सवर, म्हणजे ७५ हर्ट्झच्या आसपास, कित्येक पट चढतो. म्हणून दुप्पट किंवा निम्म्यापर्यंतचा फरक फेंडरचे जुने ॲम्प सहन करतात. त्यांना जादा स्पीकरचा जॅक दिलेलाच असतो. तिथे ८ चा दुसरा स्पीकर लावला की एकूण ४ होतात, तरी ॲम्प चालतो.

ईएल३४ ट्यूबच्या, मोठ्या व्होल्टेजच्या ॲम्पला मात्र जास्त ओहमचं कॅबिनेट लावणं जोखमीचं. ट्यूबमधल्या स्क्रीन ग्रिडवर ताण येतो, सॉकेटमध्ये ठिणगी उडू शकते. तुमचं हेड त्या जातीचं असेल तर १६ चं कॅबिनेट लावू नका. त्यापेक्षा कॅबिनेटची आतली जोडणी बदला: आत १६ चे चार स्पीकर सिरीज-पॅरलल असतील तर ते पॅरलल करून ४ होतात, ८ होत नाहीत. आत ३२ चे दोन पॅरलल असण्याची शक्यता नाही. दोन ८ चे सिरीजमध्ये असतील तर पॅरललने पुन्हा ४ च. म्हणजे ८ हवे असतील तर एक ८ चा स्पीकर सुटा करून तेवढ्यावर वाजवा, फक्त तो ॲम्पची पूर्ण ताकद झेलणारा हवा.

सगळ्यात घातक म्हणजे स्पीकर न लावता ट्यूब ॲम्प वाजवणं. ट्रान्सफॉर्मरमधली ऊर्जा बाहेर पडायला वाट मिळत नाही, प्रायमरीवर (ट्यूबकडच्या वाइंडिंगवर) हजार व्होल्टच्या वरचे झटके तयार होतात, ट्यूबच्या सॉकेटमध्ये कार्बनचा पट्टा पडतो किंवा वाइंडिंगचं इन्सुलेशन फाटतं. ट्रान्झिस्टर ॲम्पचं याच्या उलट असतं, त्याला स्पीकर नसला तर चालतं, शॉर्ट चालत नाही. फेंडरने मुख्य जॅकला अशी स्विच दिली आहे की स्पीकर काढला की आउटपुट शॉर्ट होतो, कारण ट्यूब ॲम्पला थोडा वेळ शॉर्ट चालतो, उघडा आउटपुट चालत नाही. तालमीत कोणाचा पाय लागून केबल निघाली, तर आधी स्टँडबायचा स्विच दाबा, मग केबल शोधा.

प्रश्न: दोन १२ इंची स्पीकरांच्या कॅबिनेटमध्ये एक ग्रीनबॅक आणि एक व्हिंटेज ३० लावू का?
*– एक वाचक, ऐरोली*

लावा, सेलेस्टियनच्या या दोन स्पीकरांचा चांगला जोड आहे. ग्रीनबॅक मऊ, व्हिंटेज ३० वरच्या मध्यात ठासून बोलणारा. दोन्ही एकाच ओहमचे घ्या. ८ आणि १६ पॅरललमध्ये लावले तर एकूण ५.३ होतात आणि ८ चा स्पीकर दोन तृतीयांश ताकद खातो. सारख्या ओहममध्ये ताकद निम्मी-निम्मी वाटली जाते, म्हणून कॅबिनेटची मर्यादा कमकुवत स्पीकरच्या दुप्पट: ग्रीनबॅक २५ वॅटचा, म्हणजे एकूण ५०. व्हिंटेज ३० नावात ३० असला तरी ६० वॅटचा आहे, पण ते ६० इथे उपयोगाचे नाहीत. सेन्सिटिव्हिटी अनुक्रमे ९८ आणि १००, तेव्हा तो थोडा पुढे ऐकू येईल. माइक लावताना ग्रीनबॅकसमोर लावून पाहा.

प्रश्न: एका १२ इंची स्पीकरसाठी कॅबिनेट सुताराकडून करून घ्यायचं आहे. लाकूड कोणतं, माप काय, पाठ उघडी की बंद? पावसाळ्यात त्याचं काय होतं?
*– एक वाचक, खारघर*

पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ नको. खाडीकाठच्या दमट हवेत एमडीएफच्या कडा फुगतात आणि स्क्रूची पकड सुटते. जुन्या ट्वीड ॲम्पची कॅबिनेट पाइनची, बोटांसारख्या एकमेकांत अडकवलेल्या जोडांची होती. पाइन हलकं असतं, आवाजात स्वतःची थरथर मिसळतं. पण वाळलेलं, सरळ पाइन मिळवून देणारा सुतार असेल तरच त्या वाटेने जा. नाहीतर १८ मिमीचा वॉटरप्रूफ प्लाय सुरक्षित. तो जड पडतो, हे आधीच सांगून ठेवतो.

ट्वीड डिलक्सचं बाहेरचं माप साधारण २० इंच रुंद, १७ इंच उंच आणि १० इंच खोल. ॲम्प वेगळा असेल तर याच मापात स्पीकरला भरपूर जागा मिळते. समोरची फळी १२ मिमीची ठेवा. सेलेस्टियनच्या १२ इंची स्पीकरसाठी भोक २८३ मिमी व्यासाचं आणि बोल्टच्या भोकांचं वर्तुळ २९७ मिमीचं. सुताराला ही मापं कागदावर काढून द्या. "बारा इंची" एवढंच सांगितलं तर तो ३०५ मिमीचं भोक पाडेल आणि बोल्टला लाकूडच उरणार नाही. स्पीकर मागून बसवा, फळीत पुढून टी-नट (लाकडात ठोकायचे दातेरी नट) ठोका आणि बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, सारखे, हाताच्या जोराने आवळा. एकाच बाजूचा जास्त आवळला तर स्पीकरची चौकट वाकते आणि कॉइल घासते.

पाठ उघडी ठेवा. फ्लॅटमधल्या खोलीत उघड्या पाठीचा आवाज मागच्या भिंतीवरून परत येऊन खोली भरतो आणि खर्जही आटोक्यात राहतो. पूर्ण उघडी नको: वर आणि खाली दोन फळ्या, मधे पाठीच्या उंचीच्या साधारण तिसरा हिस्सा मोकळा. फळ्या स्क्रूने बसवल्या तर बंद पाठही करून ऐकता येते. बंद पाठीने खर्ज घट्ट होतो, आवाज समोरच्या बाजूलाच झेपावतो. एका स्पीकरच्या लहान बंद खोक्यात मात्र आवाज चेपल्यासारखा होतो.

पावसाळ्यात दोन गोष्टी होतात. कागदी कोन ओलावा धरतो, आवाज जरा मंदावतो, तो हवा कोरडी झाली की परत येतो. दुसरी गोष्ट परत येत नाही: मॅग्नेटच्या फटीत गंज धरतो आणि कॉइल त्याला घासू लागते. वाजवताना खालच्या सुरांवर बारीक खरखर ऐकू आली, तर ॲम्प बंद करून कोनच्या मध्याच्या दोन्ही बाजूंना बोटं टेकवून तो सरळ, हलकेच आत ढकला. कागदावर नख फिरवल्यासारखा आवाज आला तर कॉइल घासते आहे. जून ते सप्टेंबर कॅबिनेट बाहेरच्या ओल्या भिंतीपासून दूर ठेवा, कापडाने झाका, प्लास्टिकने नाही, आणि आठवड्यातून एकदा तरी वाजवा.

प्रश्न: १९६० च्या दशकातला एक जेन्सन स्पीकर मिळाला आहे, कोन फाटलेला. रिकोन (नवा कोन आणि कॉइल बसवणं) करून घेऊ का?
*– एक वाचक, नौपाडा, ठाणे*

फाट दोन इंचांच्या आत असेल आणि कॉइल घासत नसेल, तर रिकोन करू नका. मागून टिश्यू पेपरची पट्टी पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाने चिकटवा, एक दिवस वाळू द्या. जुना कोन टिकवण्यातच त्या स्पीकरची किंमत आहे. कॉइल जळाली असेल तर रिकोनला पर्याय नाही, पण कारागिराला आधी विचारा की कोन गिटारचा, कागदी कडेचा, हलका आहे का आणि कॉइल ८ ओहमचीच गुंडाळणार का. वूफरचा जड कोन लावून दिलेला जेन्सन नावापुरताच जेन्सन उरतो. काम झाल्यावर मीटरवर ६ ते ७ ओहम पाहून, सेलने दिशा तपासून, पहिले काही तास कमी आवाजावर वाजवा. नवा कोन सुरुवातीला कडक आणि टोचरा लागतो, वाजवत गेलं की कडा सैलावते. तोवर ट्रेबल थोडा कमी ठेवा.